नेमकेपणाचे शास्त्र



 कॅन्सरच्या प्रतिकारशास्त्रावरची ही परिषद लोकनायक बापूजी अणे यांच्या जन्मगावी, वणीत कशाला, असे कुणी विचारले, तर आमच्या पानठेल्यांवर घोटला जाणारा खर्रा हेच त्याचे उत्तर आहे. या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने तोंडाचा कॅन्सर विदर्भातल्या घराघरांत आणला. निदान झाले की सोयरे-शेजारी एकच सल्ला देतात: प्रतिकारशक्ती वाढवा. मग काढे येतात, चूर्णे येतात, आणि मोलाचे महिने निघून जातात. मला वाटते, प्रश्न शक्ती वाढवण्याचा नाहीच. कोणती पेशी, कोणता रेणू, हे नेमके ओळखण्याचा आहे. आणि हा नेमकेपणाच उपचार गरिबाच्या आवाक्यात आणू शकतो.

याचा पुरावा मराठी संशोधकांच्या कामात आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात ऊती-संवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. त्याच परंपरेत डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी टाटा स्मारक केंद्रात गॅमा-डेल्टा टी-पेशी या प्रतिकारक पेशींचा ध्यास घेतला. रक्तातल्या टी-पेशींत या अगदी थोड्या असतात. अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या गाठींतून काढलेल्या या पेशी कर्करोगाच्या पेशी मारतात, असे त्यांच्या गटाने २००० साली दाखवले. पण मारतात त्या कशाला ओळखून? ‘हीट शॉक’ प्रथिनांवर संशय होता. फक्त त्या प्रथिनांना झाकणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड वापरताच मारा मंदावला, आणि संशयाला आधार मिळाला. पुढे त्यांच्याच गटाला पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये उलटे चित्र दिसले: याच जातीच्या, पण इंटरल्यूकिन-१७ स्रवणाऱ्या पेशी गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. अशा वेळी सरसकट ‘शक्ती वाढवून’ आपण नेमके कुणाचे बळ वाढवणार?

एकाच लक्ष्याला चिकटणारे असे मोनोक्लोनल प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत कोहलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये शोधली. प्रतिपिंड घडवणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी मायलोमा पेशी यांचा त्यांनी संयोग केला. त्या रीतीचे पेटंट घेतले गेले नाही, ज्ञान मोकळे राहिले. त्यातून पुढे आलेली औषधे मात्र इतकी महाग झाली की आमच्या शेतकऱ्याला त्यांचे नावही ऐकू येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. औषध परदेशात तयार आहे, मग आपण संशोधन कशाला करायचे? कारण ते किती कमी पुरेल हा प्रश्न, ज्याला ते परवडत नाही त्याच्याच देशाला पडतो. निव्होलुमॅब हे असेच एक प्रतिपिंड टी-पेशींवरचा पीडी-१ हा ब्रेक सोडवते. त्याची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. पण अगदी अल्प मात्रेतही पीडी-१ बरेचसे व्यापले जाते, हे सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसता गोळ्यांचा स्वस्त उपचार, तर निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ही तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, हे खरे. पण ज्याला पूर्ण मात्रा मिळणारच नाही, त्याची तुलना काहीच न मिळण्याशी असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खर्रा सोडवा, संशोधनाचा खर्च वाचेल. सोडवलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण आज बंद झालेला खर्रा कालच्या खर्ऱ्याने झालेली गाठ विरघळवत नाही. त्या माणसाला आपण ‘तुझीच चूक’ म्हणून घरी पाठवणार असू, तर ते आरोग्यसेवेचे धोरण नव्हे, शिक्षा आहे.

एक विनंती. नागपूर इथून शंभरावर किलोमीटर आहे, आणि दर तीन आठवड्यांना मजुरी बुडवून तिथे जाणे रोजंदारीच्या माणसाला झेपत नाही. अल्प मात्रेचे हे इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयात देता येईल का, दुष्परिणामांवर लक्ष ठेवायला किमान कोणती तपासणी आणि कोणता माणूस लागेल, यावर तज्ज्ञांनी इथल्या डॉक्टरांसमोर स्पष्ट बोलावे. अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत.