विषुवदिन : शब्द आणि आकाश

मार्चच्या २० किंवा २१ तारखेस आणि पुन्हा सप्टेंबरच्या २२ किंवा २३ तारखेस वर्तमानपत्रांत एक ओळ येते : ‘आज दिवस व रात्र समसमान.’ एखाद्या चौकस विद्यार्थ्यानें त्याच अंकांतील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांची वजाबाकी केली, तर तो बुचकळ्यांत पडतो. पुण्यास त्या दिवशीं दिनमान बारा तासांहून सुमारें सात मिनिटांनीं अधिक भरतें. मग चूक कोणाची ?

चूक कोणाचीच नाहीं. वातावरणांत किरण वांकतात, म्हणून सूर्य क्षितिजाखालीं असतांनाच दिसूं लागतो. शिवाय बिंबाची वरची कड दिसतांच उदय धरण्याची रीत आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून ही सात मिनिटें होतात.

इंग्रजी भाषेनें लॅटिनमधून घेतलेलें या दिवसाचें नांव ‘समरात्र’ एवढेंच सांगतें. संस्कृत शब्दाचें मूळ याहून खोल आहे. वर्षभर चालणाऱ्या गवामयन सत्राच्या मधल्या दिवसास ब्राह्मणग्रंथांत ‘विषुवान्’ म्हटलें आहे. ऐतरेय ब्राह्मणांत त्यास मनुष्याच्या मस्तकाची उपमा आहे : डावें-उजवें अंग दोहों बाजूंस, मस्तक मध्यें. विषुव म्हणजे मध्य. समता त्याच्या पोटीं येते. ज्योतिषी त्यास ‘संपात’ म्हणतात, कारण क्रांतिवृत्त व विषुववृत्त तेथें एकमेकांस छेदतात.

हा छेदनबिंदु मात्र स्थिर नाहीं. पृथ्वीचा आंस भोंवऱ्याप्रमाणें डुलतो, आणि संपात सुमारें ७२ वर्षांत एक अंश मागें सरकतो. केरळांतील ‘विशु’ हा सण नांवानें विषुवाचाच. पण तो एप्रिलच्या मध्यास, म्हणजे खऱ्या संपातानंतर सुमारें चोवीस दिवसांनीं येतो. नांव जागच्या जागीं राहिलें, आकाश पुढें गेलें. सण ताऱ्यांस बांधावे कीं ऋतूंस, हा सायन-निरयन वाद महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या रंगला, तो यामुळेंच. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं नेमलेल्या समितीनें वर्षारंभासाठीं ऋतूंचा पक्ष घेतला. २२ मार्च १९५७ पासून चालूं झालेल्या राष्ट्रीय पंचांगाचा चैत्र संपातालगत सुरू होतो. धार्मिक सण मात्र बहुतेक ताऱ्यांच्याच हिशेबानें चालले आहेत, आणि दर ७२ वर्षांनीं एक दिवसाचें अंतर वाढत आहे.

विषुव पारखावयाचें तर घड्याळ बाजूस ठेवून गच्चीवर जावें. त्या दिवशीं सूर्य पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो; इतर दिवशीं तो उत्तरेस वा दक्षिणेस थोडाफार कललेलाच असतो. शब्दाचा मूळ अर्थ, मध्य, तेथें डोळ्यांनीं दिसतो.