तळहातावरची यष्टी



आज आपण यष्टीवर बोलू. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय? परतवाड्याच्या बाजाराला, अमरावतीच्या दवाखान्याला, माहेरी, कुठंही जायचं तर यष्टीच. खरं आहे. पण मी सांगणार आहे ती यष्टी तळहातावर मावते. ती पुठ्ठ्याची आहे आणि मापात केलेली आहे.

मापात म्हणजे कशी? तलाठ्याकडचा गावनकाशा तुम्ही पाहिला असेल. आपलं वावर त्यात बोटाएवढं दिसतं, पण बांध, नाला, रस्ता सगळं जिथल्या तिथं असतं. तसंच हे. खऱ्या गाडीचे ५० सेंटिमीटर म्हणजे आपल्या गाडीचा १ सेंटिमीटर. खरी गाडी ११ मीटर लांब भरली तर आपली २२ सेंटिमीटर. अडीच मीटर रुंद असली तर आपली ५ सेंटिमीटर. एवढा हिशोब पाचवीतली पोरगीही करते. ब्लाउजचं माप घेणारीला तर तो शिकवायलाच नको.

अशा गाड्या करणारे आणि जमवणारे लोक जगभर आहेत. इंग्लंडात खऱ्या बसच्या शहात्तराव्या हिश्शाएवढ्या बसगाड्या जमवतात. मुंबईत आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. तिथं जुन्या ट्राम आणि बसगाड्यांच्या लहान प्रतिकृती मांडल्या आहेत. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ साली धावली. आज लेकरांना ती पाहायची तर अशा प्रतिकृतीतच पाहावी लागते.

आपल्या यष्टीचंही रूप बदलत आलं आहे. १ जून १९४८ ला अहमदनगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली. ती बेडफर्ड कंपनीची होती, सांगाडा लाकडी आणि छत कापडी. तेव्हा आपला वऱ्हाड मध्य प्रांतात होता. पुढं दापोडी, चिकलठाणा आणि आपल्याजवळच्या नागपूरच्या हिंगणा कार्यशाळेत गाड्या बांधल्या जाऊ लागल्या. गाडीच्या पाटीवर एमएच ४० दिसलं की समजायचं, ही नागपूरकडची. आधी अॅल्युमिनियमच्या गाड्या होत्या, मग पोलादी आल्या, आता विजेवरच्याही आल्या. टपावर चढायची मागची शिडी, वर ठेवलेल्या भाजीच्या पाट्या, पोत्यांचे गठ्ठे, हे आपल्या सासवांना सांगावं लागत नाही. आपल्या नातींना मात्र सांगावं लागेल. अचलपूरची शकुंतला रेल्वे बंद पडली. आज लेकरांना तिच्या गोष्टी सांगता येतात, पण डबा केवढा होता, पायरी कुठं होती, हे विचारलं तर आपण एकमेकींकडं पाहतो.

म्हणून गटात एक काम करून पाहा. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर संध्याकाळी ती उभी राहिल्यावर चालक-वाहक भाऊंना विचारा, आणि शिवणाची टेप घेऊन माप घ्या. लांबी, रुंदी, दाराची रुंदी, खिडकीची उंची, चाकाचा व्यास. पोरींना वहीत लिहू द्या. मग साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. खोक्याच्या झाकणाचं पारदर्शक प्लास्टिक खिडक्यांना लागेल. चाक १ मीटरचं असेल तर आपल्याला २ सेंटिमीटरचं झाकण हवं, औषधाच्या बाटलीचं पाहून ठेवा. आपलं परतवाडा सागवानाचं गाव. आरामशीनवर मागितली तर खालच्या फळीपुरती चिपटी मिळून जाते. पुठ्ठा कापायच्या आधी सगळ्या बाजू कागदावर काढा, कागद जोडून पाहा, मगच कात्री चालवा. रंग शेवटी.

आता महत्त्वाचं. त्याच मापात एक बाई करा. दीड मीटर उंचीची बाई म्हणजे ३ सेंटिमीटरची बाहुली. तिला दाराशी उभी करा. जमिनीपासून पहिली पायरी ४० सेंटिमीटर भरली असेल तर पुठ्ठ्यावर ती ८ मिलिमीटर येईल. पाहा, पायरी बाहुलीच्या गुडघ्याला टेकते की नाही! रोज चढताना आपण म्हणतो, माझेच गुडघे दुखतात. पुठ्ठ्यावर पाहिलं की कळतं, दोष गुडघ्यांचा एकट्यांचा नाही. पोटुशी बाई, कडेवर लेकरू घेतलेली बाई, म्हातारी आजी, सगळ्यांना तीच पायरी आहे. दांडा हाताला येतो का? महिलांसाठी राखीव बाकं दारापासून किती लांब? हेही त्याच गाडीत दिसतं.

१७ मार्च २०२३ पासून आपल्याला यष्टीत अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. गावाकडच्या पोरींना शाळेसाठी बारावीपर्यंत मोफत पास आहे. म्हणजे या गाडीत बाया जास्त आणि तिच्याबद्दल विचारायचा हक्कही आपला. पण नुसतं 'चढायला त्रास होतो' म्हटलं तर ऐकणारा मान हलवतो आणि विसरतो. 'पायरी इतके सेंटिमीटर उंच आहे, खाली एक जादा पायरी लावा' असं माप टाकून आगार व्यवस्थापकांच्या नावानं अर्ज दिला, खाली सगळ्या गटाच्या सह्या केल्या आणि टेबलावर ती छोटी गाडी ठेवली, तर बोलणं पायरीवरच येतं. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका.

गाडी मग शाळेत द्या. पुढच्या पाटीवर आपल्या गावाचं नाव लिहा, मागं तारीख टाका. वीस वर्षांनी कुणी विचारलं की आमच्या गावात कशी गाडी येत होती, तर ती वही आणि ती गाडी उत्तर देतील.

सुरुवात टेपपासून करा. तो तर प्रत्येकीच्या शिवणाच्या डब्यात आहेच.