सामान्य माणसाची वंशावळ



राजाच्या आजोबांचा इतिहास लिहायला बखरकार असतात. तुमच्या-माझ्या आजोबांचा इतिहास आपल्यालाच हुडकून काढावा लागतो. मी शाळेत फार शिकलो नाही. कामगारांचे कागद हाताळता हाताळता जे कळले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कागद कोठे आहेत ते पाहू. आपला अहमदपूर तालुका 1948 पर्यंत निजामी अमलात होता. 1956 पर्यंत तो बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, आणि 1982 पासून लातुरात. म्हणून शोधणाऱ्याला तीन जिल्ह्यांची दारे ठोठवावी लागतात. जुने दप्तर उर्दूत किंवा मोडीत, आणि त्यावर सन फसली. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन जवळजवळ येतो. फसली 1330 म्हणजे सुमारे 1920. जमिनीसाठी सेतवार आणि 1954-55 ची खासरा पाहणी, वयासाठी शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, वंशासाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्याची किंमत पुष्कळांना कळली.

परंतु या कागदांत एक खोच आहे. जमीन ज्याची, नाव त्याचे. सारा भरणारा दप्तरात आहे; त्याच्या शेतात राबणारा सालगडी नाही. यात्रेला जाण्याची ऐपत ज्याला होती, त्याचे घराणे नामावळीत आहे. आणि बायका? बाप, मुलगा, नातू अशी वंशावळ खाली उतरते. जिने घर तगवले तिचा बहुधा पत्ताच नसतो.

माझे आजोबा सालगडी होते. त्यांच्या नावाचा एकही उतारा मला मिळाला नाही. पण आजी सांगे, "मानमोडीत त्यांची आई गेली, तवा ते वासरं राखायच्या वयाचे होते." मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. वासरे राखणारे पोर सात-आठ वर्षांचे. म्हणजे जन्म 1910 च्या आसपासचा. आजीने तारीख दिली नाही, पुरावा दिला. पुढे एका जिनिंगच्या हजेरीपटावर त्यांचे वय आढळले. ते या हिशेबाहून सहा वर्षांनी कमी. कारकुनाने तोंड पाहून आकडा घातला असावा. तात्पर्य, कागद तेवढा खरा आणि आठवण खोटी, असे धरून चालू नये. दोघांचीही उलटतपासणी करावी. वयाचा असा घोळ मजुराला आजही निवृत्तिवेतनाच्या वेळी नडतो.

मजुराची नोंद बारकाईने ठेवलेली पाहायची असेल, तर मॉरिशसकडे पाहावे. 1834 पासून करारावर तेथे गेलेल्या सुमारे साडेचार लाख हिंदी मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. प्रत्येकाला क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण, पुढे छायाचित्रसुद्धा. ते दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे, आणि त्यावरून तेथील कुटुंबे आपले मूळ शोधतात. पण ही नोंद मायेपोटी झाली नव्हती. मजूर मळा सोडून गेला तर ओळखता यावा, म्हणून झाली होती. मालकाने श्रमाचा ताबा ठेवण्यासाठी जे लिहिले, तेच आज पणतवंडांच्या उपयोगी पडते आहे.

मग आपण प्रेमाने का लिहू नये? एखादी गिरणी, एखादे जिनिंग बंद पडले, तर तेथील हजेरीपट रद्दीत जाऊ देऊ नका. घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसा. तिला "जन्म कधीचा?" असे विचारू नका, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण जात होते, तेव्हा धाकटा केवढा होता?" असे विचारा. आणि लिहिताना तिचे, तिच्या आईचे नाव व माहेरचे गाव पहिल्या ओळीत लिहा. दप्तर आणखी काही वर्षे वाट पाहील. ती म्हातारी पाहणार नाही.