कंबरदुखी आणि छोट्या छेदाचं ऑपरेशन



कंबरेतून निघालेली कळ मांडीमागून थेट पावलापर्यंत उतरते.
साधं शिंकलं तरी जीव कळवळतो.
हीच सायटिका.
मणक्यांमधली गादी सरकते, आणि शेजारची नस दाबली जाते.

पण घाबरून जाऊ नका.
औषधं आणि बेताची हालचाल, एवढ्यावर बहुतेकांचं दुखणं ६ ते ८ आठवड्यांत बरंच उतरतं.
ऑपरेशन लागतं, ते थोड्यांनाच.

आणि तेही आता छोट्या छेदातून होतं.
पाठीवर बोटाच्या पेराएवढा छेद घेतात.
स्नायू फारसे कापत नाहीत.
बारीक नळी घालून ते अलगद बाजूला सारतात.
मग दुर्बिणीतून पाहत, नस दाबणारा गादीचा तेवढाच तुकडा काढतात.
बरेच रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतात.

छेद छोटा असला, तरी ऑपरेशन किरकोळ नव्हे.
जंतुसंसर्गाचा, नसेला इजा होण्याचा धोका इथेही असतो.
केवळ एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली म्हणून घाई नको.
काहीच न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही ती दिसते!

पुन्हा सांगते, ऑपरेशन थोड्यांनाच लागतं.
मात्र लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला,
जांघेतला भाग बधिर झाला, किंवा पाऊल उचलेनासं झालं,
तर थांबू नका.
त्याच दिवशी रुग्णालय गाठा.