घाटावरचा गुरजी

यूट्यूबवर तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असतील. आपल्याकडचं कुणीतरी कोरियात नाहीतर जपानमध्ये लहान मुलांना शिकवायला जातं, मग तिथलं जेवण, तिथली थंडी, मुलं काय बोलतात ते कसं कळत नाही, असं सगळं सांगतं. मला ते बघायला आवडतं, कारण त्यातलं निम्मं ओळखीचं वाटतं. आणि माझ्याकडे तर साधा पासपोर्टही नाही!

मी लातूर जिल्ह्यातला. नोकरी ठाणे जिल्हा परिषदेत, प्राथमिक शिक्षक. पहिली काही वर्षं मुरबाड तालुक्यात, माळशेज घाटाच्या पायथ्याकडच्या एका ठाकरवाडीत होतो. आता शहापूर तालुक्यात, कातकरी वस्तीजवळच्या शाळेत. दोन शिक्षक, तेवीस मुलं. मुंबई इथून लोकलच्या टप्प्यात आहे. आसनगावला उतरायचं, पुढे जीप, मग चालत.

तर इथे माझी ओळख काय? घाटावरचा. सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली उतरलेला कुणीही इथे घाटावरचाच. मग तो जुन्नरचा असो की लातूरचा. मी पहिल्या दिवशी वर्गात "लेकरांनो" म्हणालो तर पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. असा शब्द कुणी वापरतं हेच त्यांना नवीन होतं.

आणि मग ते "तू". आमच्या गावात मास्तरांना कुणी तू म्हटलं तर गोष्ट घरापर्यंत जाते. इथे रोजच्या बोलण्यात "तुम्ही" नाहीच म्हणा ना. आईला तू, सरपंचाला तू, गुरजीलाही तू. "गुरजी, तू जेवला?" हे इथलं सगळ्यात प्रेमाचं वाक्य आहे. एकदा तपासणीला साहेब आले होते. पहिलीतल्या पोराने त्यांना विचारलं, "तू डबा आनला का?" साहेब हसले, नशीब. मी मुलांना "तुम्ही" शिकवतो, पण तिसरीत. बँकेत, दवाखान्यात लागणार आहे म्हणून. पहिलीतल्या मुलाने तोंड उघडलं की आधी त्याचं ऐकायचं, मानापमान नंतर.

आता भाषेकडे येतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आदिवासी म्हणजे सगळे सारखेच बोलत असतील. तसं नाही हो. ठाकरांचं बोलणं मला वर्षभरात जमायला लागलं होतं. शहापूरला आलो आणि कातकरी पोरांसमोर पुन्हा शून्यावर. ती आपसात भराभर बोलायला लागली की माझ्या हाती अधूनमधून एखादा शब्द लागायचा. पाठ्यपुस्तक माझ्या भाषेत, फळा माझ्या भाषेत. म्हणजे वर्गात परका मी एकटा, आणि नापास व्हायची वेळ मात्र त्या तेविसांवर.

म्हणून मी दोनशे पानी वही केली. डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे मुलांचा. पुस्तकातला खेकडा दाखवला की वर्ग ओरडतो, "चिंबोरी!" मग फळ्यावर आधी "चिंबोरी" लिहायचं. "चि" तिथूनच शिकायचा. खेकडा येईल मागून, त्याला कसली घाई? पहिल्या पावसात मासे ओढ्यातून वर चढतात, ती वलगण. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, तो राब. शेवळं, लोत, भारंगी, टाकळा या रानभाज्या तर मला एकही ओळखता येत नव्हती. दुसरीतली एक मुलगी रोज काहीतरी पाला घेऊन यायची, नाव सांगायची आणि मी वहीत बरोबर लिहिलंय का ते शेजारी उभी राहून बघायची. तिला तेव्हा नीट वाचता येत नव्हतं. पण गुरजी लिहितो आणि आपण तपासतो, याची तिला भारी गंमत. माझ्या शब्दांवर बोट ठेवून ठेवूनच ती वाचायला शिकली.

ही काही माझी अक्कल नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ पासून पालघरमध्ये गेला. दोघीही बाहेरच्या. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच गुरं चरतात तिथे न्यायची. त्याला नाव कुरणशाळा. डी.एड.ला हे आम्ही पाच मार्कांची टीप म्हणून पाठ केलं होतं. डोक्यात शिरलं ते इथे आल्यावर.

आता २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लिहिलंय की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेतून द्यावं. छान. पण घरची भाषा येणारा शिक्षक आणायचा कुठून?

पाण्याचंही सांगतो. मी लातूरचा, २०१६ ला आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्यामुळे इथला पहिला जुलै मी वेड्यासारखा बघत बसलो. एवढा पाऊस! तानसा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात आहेत. आणि एप्रिलमध्ये याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. हंडा घेऊन गेलेली मुलगी हजेरीत गैरहजर. लातूर काय, शहापूर काय!

पण सगळ्यात अवघड दिवस दिवाळीनंतरचे. पावसाळ्यात घरात दाणे संपतात, तेव्हा आईबाप भट्टीमालकाकडून उचल घेतात. दिवाळी झाली की ती फेडायला बिऱ्हाड भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. पोरं बरोबरच. तेवीसचे चौदा होतात.

गेल्या जानेवारीत एका रविवारी मी भट्टीवर गेलो. दुसरीतला एक मुलगा विटांच्या थप्प्या मोजत होता. मजुरी हजार विटांमागे मिळते, म्हणून घरात मोजणी चोख लागते. वर्गात शंभरापाशी अडखळणारा तो पोरगा थप्प्यांच्या हिशोबाने हजार करून दाखवत होता. त्याचं शिक्षण हमी कार्ड मी भट्टीजवळच्या शाळेत दिलं. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "सर, घेते मी, पण तो बोलतच नाही हो." बोलेल कसा? तिथे परका तो होता.

मग आम्ही एक केलं. दुपारच्या सुट्टीत बाई मला फोन लावायच्या, स्पीकरवर. तो त्याच्या भाषेत सांगायचा, मी बाईंना मराठीत. पाच-सात मिनिटं, रेंज असेल तेवढी. कातकरी बोलीचा दुभाष्या कोण, तर लातूरचा माणूस. माझ्या बायकोला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. तिसऱ्या आठवड्यात बाईंचा मेसेज आला, "आज स्वतःहून पाणी मागितलं."

आता माझं. आई-वडील थकलेत, मुलगा गावाकडे आजीजवळ वाढतोय. आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म मी भरलाय. आमच्यातले बरेच जण भरतात, आणि त्यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पण फॉर्ममध्ये सेवेची वर्षं विचारतात, जोडीदार कुठे नोकरीला आहे ते विचारतात. इतक्या वर्षांत तुला इथलं बोलणं किती आलं, याला रकाना नाही. माझ्या जागी येईल तोही बहुतेक घाटावरचाच असेल. पुन्हा "लेकरांनो", पुन्हा पोरं हसणार.

वही मी नेणार नाही. शाळेच्या कपाटात राहील, तिसऱ्या कप्प्यात. तिच्या कडेला मुलांनी चिंबोऱ्या काढून ठेवल्यात, त्या नव्या गुरजीने खोडू नयेत एवढंच. ती पाला आणणारी मुलगी आता चौथीत आहे. तिला सांगितलंय, नवा गुरजी आला की वही तू दाखव. तिने विचारलं, "त्याला वाचता येल का?"

जून चाललाय. भट्टीवरून सात पोरं परत आलीत, दोघं अजून यायची आहेत. त्यांच्या बापाचा फोन बंद लागतोय. उद्या शाळेआधी वस्तीवर चक्कर टाकतो.