बंबात आधी पाणी

येलदरीच्या धरणाखाली वीजगृह आहे. ७.५ मेगावॉटचे तीन संच, एकूण २२.५ मेगावॉट. तरीही थंडी पडली की गावात अंगणा-अंगणात बंब निघतात. याला कुणी मागासपण म्हणेल, मी म्हणत नाही. तुराट्या, पऱ्हाट्या दारातच पडलेल्या असतात, आणि पहाटे वीज असेलच याची खात्री कोण देणार? थंडी तर आमच्याकडे अशी, की डिसेंबर २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे फजरच्या नमाजाआधी वजू करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि शेजारी देवपूजेआधी अंघोळ करणाऱ्या आजीबाईंना गरम पाणी एकाच वेळी लागतं.

श्रोतेहो, नवा बंब घरी आणला की पेटवायची घाई करू नका. आधी तो आतून चिंचेनं घासून धुवा. मग काठोकाठ भरून, खाली कोरडी राख पसरून रात्रभर ठेवा. सकाळी राख ओली दिसली तर बंब परत कारागिराकडे. पहिल्या दिवशी तापवलेलं पाणी ओतून द्या. पुढेही ते पाणी अंघोळीचंच, चहाला घ्यायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. आधी पाणी, मग विस्तव. बंबाच्या मधून धुराची नळी जाते, तिच्याभोवती पाणी असतं. पाणी आहे तोवर तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपलं की मात्र ते भराभर तापतं, आणि सांध्याला डाग कथलाचा असेल तर कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून खाली तोटी असलेल्या बंबाचा रिवाज असा : एक बादली काढली की एक बादली ओतायची. ज्या घरात हा रिवाज मोडतो, त्या घरात भांडणंही फार होतात, असं माझं निरीक्षण आहे.

नळीत वरून आधी नारळाच्या शेंड्या, मग वीतभर पऱ्हाटीचे तुकडे टाका. जळण ओलं नको. एक बादली, म्हणजे वीसेक लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. जळण ओलं असेल तर त्यातली ओल उडवण्यातच बरीच आग खर्ची पडते, आणि धूर होतो तो वेगळाच.

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस त्याच्यापासून लांब सरतो. निखारे शांत, लालबुंद दिसतात, म्हणून त्यांना जवळ करतो. पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि दार बंद असेल तर माणूस उठतच नाही. थंडी फार आहे म्हणून पेटता बंब न्हाणीघरात ओढणारे लोक मी पाहिले आहेत. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवणारी घरंही पाहिली आहेत. तिथे तर दोन जीव असतात. बंब अंगणातच राहू द्या, पाणी बादलीनं आत न्या. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवा, आणि कुणीतरी जागं बसा.

राख दुसऱ्या दिवशी काढा, भांड्यांना ती चांगली. गरम असताना मात्र उकिरड्यावर टाकू नका, जवळच कडब्याची गंजी असते.