पाहुण्याचा सण, आचाऱ्याची रजा
(कोपरगाव येथे हॉटेल व्यावसायिकांपुढे झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कोपरगावच्या बेटावर दैत्यगुरू शुक्राचार्यांचे मंदिर आहे. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘शुक्रनीती’त कोश, दुर्ग, सैन्य यांचा विचार आहे, तसाच सेवकाच्या रजेचाही आहे. सेवकाला घरच्या कामासाठी रोज ठरावीक वेळ मोकळा द्यावा, सणाच्या दिवशी अगदी अनिवार्य असेल तरच काम सांगावे, आजारपणात वेतन सर्वस्वी तोडू नये, असे हा ग्रंथ सांगतो. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तरीही रजा म्हणजे पश्चिमेकडून आलेली चैन, असे मानणाऱ्यांनी तो भाग अवश्य वाचावा.

शिर्डी-कोपरगाव पट्ट्यातील हॉटेल-लॉजचे वर्ष रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि डिसेंबरअखेर यांवर उभे असते. २०१७ साली काकडीचा विमानतळ सुरू झाला आणि गर्दीला आणखी एक वाट मिळाली. नेमक्या त्याच दिवसांत आचारी, वेटर, रूमबॉय यांनाही आपले गाव आठवते. खोल्या भरलेल्या आणि भटारखान्यात माणसे अपुरी, ही मालकाची अडचण खोटी नसते, कामगाराचीही नसते. तंटा होतो, कारण रजा तोंडी मागितली जाते आणि उत्तरही तोंडीच मिळते. ‘बघू’ हा शब्द मालकाच्या मनात नकार असतो, कामगाराच्या कानात होकार.

मग तो गावी जातो, चार दिवसांचे आठ होतात आणि परततो तेव्हा त्याच्या जागी दुसरा उभा असतो. अनेक कामगार हॉटेलातच राहतात, तेथेच जेवतात. त्यामुळे ‘उद्यापासून येऊ नकोस’ या एका वाक्यात नोकरी, अन्न आणि निवारा तिन्ही जातात. दंडाचे हे माप अपराधाच्या मानाने फार मोठे आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. हॉटेलातल्या माणसाचा रविवार मात्र सर्वांत कष्टाचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने साप्ताहिक सुट्टी, वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि ८ सणांच्या पगारी सुट्ट्या दिल्या. लहान हॉटेले त्याच्या कक्षेबाहेर राहतात, पण न्याय कामगारांची संख्या मोजून द्यायचा नसतो.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली आणि ‘औद्योगिक परिवार’ ही कल्पना मांडली. परिवार या शब्दाचा दुरुपयोगही होतो. ‘तू घरचाच आहेस’ म्हणत हजेरीपट, नेमणूकपत्र आणि रजेचा अर्ज या तिन्हींना फाटा दिला जातो. घरच्या माणसाला मात्र कोणी तडकाफडकी काढत नाही!

सणांच्या पाळ्या दोन महिने आधी भिंतीवर लागाव्यात. या दिवाळीला जो थांबला, त्याला पुढच्या दिवाळीला पहिला हक्क मिळावा. नकार द्यायचाच तर कारण आणि पर्यायी तारीख लेखी द्यावी. घरात मृत्यू झाला असेल तर आधी माणूस जाऊ द्यावा, पुरावा नंतर मागावा. उशिरा परतलेल्याकडून लेखी खुलासा घ्यावा आणि तो रागावलेल्या कप्तानाखेरीज दुसऱ्या कोणी तरी ऐकावा. एवढे करूनही काढण्याची वेळ आलीच, तर राहण्याची सोय होईपर्यंत मुदत द्यावी. हिशेब करताना त्याच्या अंगावरची उचल जशी वहीतून शोधली जाते, तशीच त्याची न घेतलेली रजाही शोधावी.